बांदवाड्याच्या प्रयोगशाळेतले सर

डिचोली
१६ जून २०२४

प्रिय वयनी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. होडी उलटल्याची बातमी तुला फोनवरच कळली, तेव्हापासून रिंग वाजली की तुझ्या छातीत धस्स होतं, हे तुझ्या भावाने, रामचंद्रभाऊंनी, मला सांगितलं होतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण गेले काही दिवस तुला एक गोष्ट सांगायची राहून जाते आहे आणि दुसऱ्या कुणाकडून ती कळलेली तुला आवडणार नाही.

मी शाळेतून निघाले. म्हणजे नोकरी सोडली नाही, पण आता वर्ग नाही. पेडणे तालुक्याची स्टेम समन्वयक म्हणून मला नेमलंय. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, चारही मुलांनी हातांनी करून शिकावं म्हणून शाळाशाळांतून प्रयोगशाळा उभ्या करायच्या, शिक्षकांना तयार करायचं, असं काम. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. दादाच्या तोंडून तू हे शंभरदा ऐकलं असशील. हे काम त्याचंच होतं. त्याच्या नेमणुकीचा कागद आला तेव्हा तो नव्हता, आणि मग ती जागा तशीच रिकामी राहिली.

मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं, "कृष्णनाथ सरांच्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, "धाकटी बहीण." त्यावर त्यांनी समोरची फाईल मिटली. बाहेर आल्यावर मला वाटलं, आपण कुणाच्या तरी ताटावर बसलोय.

दोन पावसाळे झाले. नदीने होडी परत दिली, होडीवाल्याला परत दिलं. खाजनातल्या, नदीकाठच्या खाऱ्या शेतांतल्या, पाण्याचा खारटपणा मोजायला गेलेल्या माणसाला मात्र दिलं नाही. वयनी, मी ही जागा घेतली म्हणजे तो येणार नाही असं मी ठरवून टाकलं, असा अर्थ तू काढू नकोस. तेवढंच सांगायला हे पत्र.

घरी गौरेश बरे आहेत, तुझी चौकशी करतात. तुझ्या पायांची सूज कशी आहे?

तुझी,
विनू


आरोंदा
१ जुलै २०२४

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रामचंद्राने पेढे आणले, ते मी शेजारी वाटले. लोक विचारत होते कसले, तर सांगितलं, माझी नणंद साहेब झाली.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. घरातली जागा घरातच राहिली. ते आले की पहिलं हेच म्हणतील, "बरं झालं, दुसऱ्या कुणाच्या हाती गेली नाही." मग तुझ्या चुका काढायला बसतील. तयारीत राहा.

एकच मागणं आहे. बांदवाड्याच्या शाळेतली त्यांची प्रयोगशाळा आहे तशी राहू दे. त्यांनी नारळाच्या करवंट्या, सायकलच्या नळ्या, औषधांच्या बाटल्या यांची जी काय यंत्रं करून ठेवलीत ती दुसऱ्याला भंगार वाटतील. पण वस्तू जागेवर सापडली नाही की ते किती चिडतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. नवीन सामान दुसऱ्या खोलीत ठेवता येईल.

माझे पाय बरे आहेत. शनिवारी औषधाला पेडण्याला जाते. पूल झाल्यापासून सोपं पडतं. रामचंद्र म्हणतो मी सोबत येतो, मी म्हणते कशाला, तेवढंच चालणं होतं.

पावसात भिजू नकोस.

तुझी,
पद्मावती


डिचोली
२१ जुलै २०२४

प्रिय वयनी,

साहेब होणं फार विचित्र असतं गं. जिथं जावं तिथं आधी नारळ आणि शाल, मग चहा, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत फोटो. प्रयोगशाळा बघायची म्हटली की चावी सापडत नाही! धारगळजवळच्या एका शाळेत रोबोटच्या सामानाची खोकी आली तशीच, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. शिक्षक बिचारा हळूच म्हणाला, "मॅडम, मोडलं तर कोण भरणार?" मी तिथंच खोकं फोडलं आणि मुलींच्या पुढ्यात ओतलं. पहिली मोटर माझ्याच हातून जळाली. मुली हसल्या, आणि मग त्यांचे हात पुढे आले. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याला जमेल.

म्हणून मी तालुक्यात एकच नियम काढला आहे. शाळा उघडी असेल तोवर प्रयोगशाळेला कुलूप नाही. मोडलं तर माझ्या नावावर लिहा म्हणून सांगितलंय.

आणि आता तुला कसं लिहू कळत नाही. सगळ्या तालुक्यात कुलूप न निघालेली एकच खोली उरली आहे, बांदवाड्याची. परवा तिथं गेले होते. नव्या मुख्याध्यापिका विनोदिनी मॅडम भल्या आहेत, पण त्यांनी मला व्हरांड्यातच थांबवलं. मुलं त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. आत कुणीतरी आहे म्हणतात. शाळा सुटल्यावर खो-खोला थांबलेल्या मुलींना आत स्टूल ओढल्याचा आवाज येतो, नळ सुटल्याचा येतो. एकीने जनेलाच्या काचेपाठी, खिडकीत, कुणी उभं असलेलं बघितलं आणि ती तापाने पडली. दोन पालकांनी तर मुलं शाळेतून काढायची भाषा केली आहे.

मी काय बोलणार? उंदीर असतील, वारा असेल, असं म्हटलं. नववीतली सेजल नावाची एक मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, वारो नळ सोडता काय?"

 खोली न उघडताच मी परत आले. माझाच नियम मी मोडला.

तू काळजी करू नकोस. गावात अशा गोष्टी होतच असतात.

तुझी,
विनू


आरोंदा
२ ऑगस्ट २०२४

चि. विनूस आशीर्वाद.

कुणीतरी म्हणजे कोण, ते तू लिहिलं नाहीस. मला जपायला म्हणून गाळलंस. मुलं "सर" म्हणतात ना? लिहायचंस की.

ती तापाने पडलेली मुलगी बरी झाली का, ते मला आधी कळव. कुणाची मुलगी? जास्त घाबरली का? लहान मुलांच्या मनात एकदा भीती शिरली की ती लवकर निघत नाही. तिला देवीचा अंगारा लाव म्हणावं, किंवा तू स्वतः जाऊन तिच्याशी बोल.

खोली उघडायची घाई करू नकोस. घाबरतात तर त्यांना तिकडं नेऊच नये. चावीही जुनी आहे, दार पावसात फुगतं.

त्यांना मुलांना घाबरवणं कधी आवडलं नसतं. उलट आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मला काळोखाची भीती वाटायची, तर ते कंदील लावून भिंतीवर हातांची सावली पाडून दाखवायचे. म्हणायचे, "बघ, भूत म्हणजे एवढंच. उजेडाच्या आड आलेला कुणाचा तरी हात." मी हसायचे.

हे मी का लिहिलं कोण जाणे.

तुझी,
पद्मावती


डिचोली
११ ऑगस्ट २०२४

प्रिय वयनी,

ती मुलगी बरी आहे. मी तिच्या घरी जाऊन आले. हो, मुलं सरच म्हणतात. तुला गावातून कुणी सांगितलेलं दिसतं. "थंय सर आसत, मॅडम, आमी जावचो नाय," असं सेजलने मला तोंडावर सांगितलं होतं. ते मी गाळलं.

काल, शनिवारी, मी बांदवाड्याला गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. शाळा सुटून गेली होती. शिपाईण भाग्यलक्ष्मी फाटकाशी होती, मला बघून तिचा चेहरा उतरला. "मॅडम, आज नको," म्हणाली. मला वाटलं तीही घाबरते. मी दोन वर्षं घाबरूनच त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, तर तिला काय म्हणू? ऑफिसातून चावी आणून दार ढकललं.

वयनी, तिथं धूळ नव्हती.

दोन वर्षं बंद असलेली खोली, आणि टेबल पुसलेलं. परीक्षानळ्या धुऊन उलट्या घातलेल्या. त्याची लाकडी कदेल, ती जुनी खुर्ची, जनेलाकडे तोंड करून ओढलेली, जशी तो नदी बघत बसायला ओढायचा. आणि खिळ्यावर त्याचा निळा शर्ट. त्या सकाळी होडीत भिजेल म्हणून काढून ठेवलेला. मी त्याला हात लावला. कॉलर ओली होती. साबणाचा वास येत होता.

मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले, आधी बघा, मग तपासा, मगच बोला. काल मी काही तपासलं नाही. मी त्या कदेलीसमोर उभी राहिले आणि हाक मारली. "दादा" म्हणून. मोठ्याने. दुसऱ्यांदा अजून मोठ्याने. मला खात्रीच होती की तो कुठंतरी लपून राहिलाय, त्याला काहीतरी झालंय, डोक्यावर परिणाम झालाय, पण तो इथं येतो. शर्ट धुतो. बसतो. मला त्या क्षणी काय आनंद झाला ते तुला सांगता येणार नाही. भीती अजिबात नव्हती. मी दिवे लागायच्या वेळेपर्यंत तिथं बसून राहिले. नदीवरून भरतीचं पाणी चढत गेलं.

कुणी आलं नाही. भाग्यलक्ष्मी फाटकाशी रडत होती. विचारलं तर फाटकाची कडी लावायला वळली.

पुढच्या शनिवारी मी परत जाणार आहे. गौरेशना सांगितलं नाही, ते मला डॉक्टरकडे नेतील. तुला सांगितलं, कारण तुला खरं वाटेल. तू म्हणत होतीस ना, ते आले की. वयनी, तो आलाय असं मला वाटतं.

विनू


आरोंदा
१४ ऑगस्ट २०२४

विनू,

शर्ट मी धुतला.

हे पत्र रामचंद्राच्या हाती देऊन डिचोलीला पाठवते आहे, पोस्टाची वाट बघत नाही. तू शनिवारी जाऊ नकोस. तिथं कुणी येत नाही. मी येते.

औषधाला जाते म्हणून सांगते आणि पुलावरून बसने बांदवाड्याला उतरते. त्यांच्या जुडग्यात प्रयोगशाळेची एक चावी होती. भाग्यलक्ष्मी मला मागच्या बाजूने आत घेते. तिला दोष देऊ नकोस, मी तिच्या हातापाया पडले होते. तिच्या नोकरीवर येईल असं काही करू नकोस.

मी तिथं काही करत नाही. झाडते, पुसते, बाटल्या धुते, कदेल ओढून बसते. घरी रामचंद्राची माणसं असतात, सगळी चांगली आहेत, पण सगळी माझ्याकडे बघत असतात. मंगळसूत्र आहे की काढलं ते बघतात. इथं तसं नाही. ते नदीकडे गेलेत आणि मी त्यांची वाट बघत बसले आहे, एवढंच. कुठल्याही बायकोसारखी. त्या शनिवारी तू फाटकातून शिरलीस तेव्हा मी नुकतीच मागच्या वाटेने बाहेर पडले होते. बांधावरून चालताना मला तुझी हाक ऐकू आली.

मला वाटलं, ते आले आणि तू त्यांना बघितलंस.

मी धावत मागे फिरले. चिखलात पडले. उठून जनेलाशी आले तर आत तू एकटी उभी, शर्ट छातीशी धरून. मला आत यायची हिंमत झाली नाही. तशीच परत गेले. बसमध्ये ठरवलं होतं की तुला कधीच सांगायचं नाही. पण तुझं पत्र वाचलं. विनू, जे मला झालंय ते तुला व्हायला नको. एका घरात एक पुरे.

मुलं घाबरतात ते मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातूनच कळलं. त्यानंतर जायला नको होतं, तरी गेले.

शाळेत सांग की मांजर होतं. जनेलाची काच फुटली आहे, तिथून येत होतं. लोकांना पटेल. मी परत जाणार नाही.

पद्मावती


डिचोली
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय वयनी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण पहिले काही दिवस मला तुझा राग आला होता. तू जनेलाबाहेर उभी होतीस आणि मी आत हाका मारत होते! एक शब्द बोलली असतीस तर मी तेवढे दिवस तरी तो जिवंत आहे असं धरून चालले नसते. घरात मी त्याच्यासाठी मासे तळले, वयनी. गौरेश विचारत होते, कोण येणार आहे?

मग राग गेला. मला चार दिवस जे झालं त्यात तू दोन वर्षं राहतेस, हे उशिरा लक्षात आलं.

आता शाळेचं ऐक. परवा विनोदिनी मॅडमचा फोन आला. गावातले काही जण म्हणतात, खोलीवर भूत काढणारा घाडी बोलावून उतारा काढायचा, मग खोली पाडायची. नाहीतर गणपतीच्या चवथीनंतर मुलं दुसऱ्या शाळेत घालणार. मुलं गेली तर बांदवाड्याची शाळाच राहत नाही, आधीच पट कमी आहे. संस्थेने चवथीनंतरच्या शनिवारी पालकांची सभा ठेवली आहे आणि मला तिथं बोलायचं आहे. सगळे म्हणतात, मॅडम विज्ञानाच्या, त्या काय सांगतील ते ऐकू.

मांजराचं मी सांगू शकत नाही. खूप प्रयत्न केला, आरशासमोरसुद्धा बोलून बघितलं. ज्या खोलीत दादाने मुलांना "दिसलं ते सांगा, दिसलं नाही ते सांगू नका" असं शिकवलं, तिथं मी मांजर सांगू? आणि सेजल मांजरावर विश्वास ठेवणार नाही. ती विचारील, मांजर नळ सोडतं काय?

आणि खरं सांगितलं तर तुझं नाव येतं. गावभर होईल. रामचंद्रभाऊंना कळेल. लोक तुला वेडी म्हणतील, आणि भाग्यलक्ष्मीला घरी बसवतील.

मी समन्वयक आहे म्हणजे काय तर सगळ्यांना खोल्या उघडायला लावते. ही एक उघडायला मला तुझी परवानगी लागते. तू नाही म्हणालीस तर मी सभेत उभी राहीन आणि सांगेन की मला कारण माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. मग मला या कामावर राहता येणार नाही, ते मी सोडीन. ही धमकी नाही गं. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझ्या शब्दाची वाट बघते.

विनू


आरोंदा
१६ सप्टेंबर २०२४

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही, स्वतःच आले. तू हॉलात बोलायला उठलीस आणि मला मागच्या बाकावर बघून हातातला कागद मिटलास, ते मी पाहिलं. रामचंद्र माझ्या शेजारी होता. त्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं.  तो एवढंच म्हणाला, "मी सोबत येतो. आता नको म्हणू नको."

मी मान हलवली आणि तू म्हणालीस, खोलीत भूत नाही, माझी वयनी असते, आणि ती इथं बसली आहे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं मी मरेन. पण बायका नुसत्या बघत राहिल्या. एक म्हातारी उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, एवढंच. भाग्यलक्ष्मीवरून आवाज चढले तेव्हा तू "चावी आमच्या घरची, जाब मला विचारा" म्हणालीस. त्या घडीला तू अगदी त्यांच्यासारखी दिसलीस. हनुवटी वर.

तू पुढे पुरुष मंडळींशी वाद घालत राहिलीस, म्हणून नंतरचं तुला ठाऊक नाही. जाताना तू विचारलंस तेव्हा मी लिहीन म्हटलं. ते आता लिहिते.

मी हॉलातून बाहेर आले तर व्हरांड्यात मुलं उभी. सभेचं त्यांनी खिडकीतून ऐकलं होतं. मी चावी काढली आणि दार उघडलं. "येता?" म्हटलं. कुणी हलेना. मग ती तुझी सेजल आली. वेण्या घट्ट, कपाळाला आठ्या. तिच्या मागून बाकीची आली, एकमेकांचे हात धरून. तापाने पडलेली मुलगीही होती. तिला मी म्हटलं, "बाय, तू बघितलीस ती मी. माफ कर." ती लाजली.

मी त्यांना सगळं दाखवलं. स्टूल ओढलं, आवाज ऐकवला. नळ सोडला. जनेलाशी उभी राहिले आणि दोघींना बाहेर पाठवलं, बघा, तशीच दिसते का. त्या बाहेरून ओरडल्या, "तशीच, तशीच!" आणि हसू फुटलं. ते असते तर त्यांनी असंच केलं असतं असं मला वाटलं. मुलांनी सामानाला हात लावायला सुरुवात केली. एकाने करवंटीचं ते भरती मोजायचं यंत्र उचललं, आणि मी ओरडणार होते, जागेवर ठेव. ओरडले नाही.

सेजल मात्र हसली नव्हती. ती कदेलीपाशी उभी होती. तिने विचारलं, "बाई, तुमी इतके वेळा येऊन बसलात. सर कधी इले?"

विनू, दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणत होते येतील, देवावर भरवसा ठेव. किंवा म्हणत होते, आता सोड. रामचंद्र म्हणायचा विधी करून घेऊया. तूही लिहिलंस की तो आलाय. ते येतात का, असं साधं, वर्गात विचारावं तसं, कुणी विचारलं नाही. मी खोटं बोलू शकत होते. त्या मुलीला बरं वाटलं असतं, मलाही. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला खरं तेच आठवावं लागलं. सगळे शनिवार. सगळी भरती-ओहोटी.

मी म्हटलं, "नाही गं. एकदाही नाही. म्हणून तर परत परत येत होते."

ती म्हणाली, "आमी भियेत होतो ते येतले म्हणान. आणि तुमी येत नाय म्हणान रडत होतात."

मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बाहेर तुमचा वाद चाललाच होता. मला त्या पोरीच्या अंगाचा खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि मला पहिल्यांदा त्या खोलीत खूप माणसं आहेत असं वाटलं, आणि ते त्यात नाहीत. मी त्यांना सगळीकडे शोधलं, विनू. त्या एवढ्याशा खोलीत. ते नव्हते.

घरी येऊन दोन दिवस मी अंथरूण सोडलं नाही. लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. घर मोठं झाल्यासारखं वाटतं. अजून बसथांब्यावर कुणी छत्री मिटली की मान वळतेच. वळायची थांबेल असं नाही.

चावी मी विनोदिनी मॅडमकडे दिली आहे. त्या म्हणाल्या, शनिवारी या, मुलांना दाखवायला कुणीतरी हवं. बघू.

आज रामचंद्र भटजींकडे जाऊन आला. पितृपक्ष दोन दिवसांवर आहे. यंदा म्हाळाला त्यांचं पान वाढायचं ठरवलंय. आधीचे, राहून गेलेले सगळे विधी भटजी सांगतील तसे होतील. खीर, वडे, अळवाचं फदफदं, आणि त्यांना आवडायची ती भोपळ्याच्या फुलांची भजी. मी स्वतः करणार आहे. हे लिहिताना "आवडायची" असं लिहिलं, ते आता वाचताना दिसलं. खोडत नाही.

भीती एकाच गोष्टीची आहे. पान बाहेर ठेवलं आणि कावळा शिवलाच नाही तर लोक म्हणतील, जीव अडकलाय, आणि मी पुन्हा वाट बघायला लागेन. पण त्याहून जास्त भीती वाटते ती, कावळा लगेच शिवला तर? इकडे पान ठेवलं आणि तिकडे त्याने घास उचलला, म्हणजे त्यांना इथलं काहीच राहिलं नव्हतं, माझंसुद्धा. तेव्हा मी काय करीन मला माहीत नाही. मोठ्याने ओरडेन, किंवा त्या कावळ्याला दगड मारीन.

तू ये. गौरेशना घेऊन ये. माझ्या बाजूला उभी राहा आणि माझा हात धरून ठेव.

तुझी,
पद्मावती